माहेराला लावलेलं कुलूप

निमिषने फट बुजवली ती निव्वळ उपकार म्हणून. अमेरिकेतल्या श्रूजबरीत तो गुरुनाथकाकांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचा. काका रिटायर्ड इंजिनिअर. रेणूकाकू गेल्यापासून एकटे. जूनमधल्या एका संध्याकाळी काका देवळात गेले, तेव्हा त्याने शेजारच्या मीनाक्षीकाकूंची शिडी आणली, छपराखालच्या फटीतून सगळी वटवाघळं बाहेर पडेपर्यंत सभ्यपणे थांबला आणि फुगून घट्ट बसणारा डबाभर फोम मारला. गावी, आर्वीत, शाळेच्या शिपायाने वटवाघळं अशीच तर घालवली होती.

काका गाडीतून उतरले आणि थबकले. "वर आवाज कसला?"

"रिकामं आहे काका. सगळी गेली."

"आया गेल्या. इथे नर येत नाहीत. यांचं जुळतं भाद्रपद-आश्विनात, नराचं बीज हिवाळाभर पोटात जपतात, गर्भ राहतो वसंतात आणि बाळंतपणाला इथे येतात. पिल्लांना उडता येत नाही अजून. तू माहेराला कुलूप लावलंस, बाबा."

छपरातून किचकिच येत होती. बारीक, न थांबणारी. तेवढ्यात पहिली आई परतली. फोमवर आपटली, वळली, पुन्हा आपटली. मग दुसरी. मग मोजता येईनात.

निमिष शिडीकडे वळला.

"तू खाली धर," काका म्हणाले. "तुझी कारागिरी पाहिली."

बहात्तराव्या वर्षी ते ब्रेडची सुरी घेऊन वर चढले. फोम सुटत आला तशी एक आई त्यांच्या उघड्या हातावरच बसली. "थांब गं जरा," काका पुटपुटले. ती आत शिरली, मागोमाग बाकीच्या.

उतरल्यावर त्यांनी हात खिशात घातला. निमिषने तो बाहेर काढायला लावला. बोटावर सुईच्या टोकाएवढं रक्त.

"हॉस्पिटल, काका. आत्ता."

"एवढंसं तर आहे."

"रेबीजला एवढंसंच पुरतं. लक्षणं दिसल्यावर काही उपयोग नसतो."

"ठाऊक आहे." काकांचा आवाज उतरला. "म्हणून तर पिल्लं बघायला रेणूला कधी शिडीवर चढू दिलं नाही."

जखम धुताना नर्सने विचारलं, वटवाघूळ पकडलं का, तपासता आलं असतं. काका म्हणाले, ती कामात होती.

तीन इंजेक्शनं झाली. चौथं गुरुवारी, ड्राइव्ह निमिषच करणार. रोज सकाळी तो काहीतरी कारण काढून वर येतो आणि काका पाण्याला घाबरत तर नाहीत ना, नीट पितात ना, ते चोरून बघतो. काका मुद्दाम एकेक घोट घेतात.

मीनाक्षीकाकू दोनदा विचारून गेल्या. निमिष "उद्या नक्की" म्हणतो. शिडी अजून भिंतीलाच टेकलेली आहे. तिला हात लावायचा त्याला धीर होत नाही.