चाळणीतून गळालेली चाळ

मी कांद्याच्या चाळीला माणसांची चाळ समजलो आणि तिच्यावरचे सगळे शोधनिबंध यादीतून बाहेर काढले. मी निमोण्याचा, कांदेवाल्याचा मुलगा. लहानपणी लपंडावात मी कांदा साठवायच्या ज्या खोपीत लपायचो तिला आम्ही बराख म्हणायचो. चाळ हे तिचं सरकारी नाव. ते इंग्रजी अक्षरांत समोर आलं आणि मी घरच्या बराखीला ओळख दाखवली नाही.

काम असं होतं. शिरूरच्या आमच्या कॉलेजात विभागप्रमुख मॅडमनी एक पद्धतशीर आढावा हाती घेतला होता. कांदा कसा साठवला तर कमी सडतो, यावर आजवर जे संशोधन झालं ते सगळं शोधायचं, पारखायचं आणि सगळं मिळून काय निघतं ते सांगायचं. आपल्याला सोयीचं तेवढं उचलायचं, असं चालत नाही. म्हणून काय घ्यायचं, काय सोडायचं, हे आधीच लिहून ठेवतात. मग चाळणी लागते. दोन माणसं प्रत्येक निबंधाचं शीर्षक आणि सारांश वाचतात आणि एकमेकांचं न बघता 'घ्या' किंवा 'वगळा' ठरवतात. नंतर निर्णय उघडायचे. जिथं पटत नाही तिथं बोलायचं, तरीही अडलं तर तिसऱ्यानं निकाल द्यायचा. तिसऱ्या म्हणजे मॅडम.

दोघांतला एक मी. दुसरी दौंडची मुलगी, नुकतीच कामाला लागलेली. अब्बा रेल्वेत, त्यामुळं ती रेल्वे कॉलनीत वाढलेली. ती सारांश शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. मी शीर्षकं वाचायचो. नियम मलाही ठाऊक होता, पण भावकीतल्या लग्नात अक्षता पडायची वाट बघत मी मोबाईलवर काम उरकत होतो. शीर्षकात कुठं हवेशीर, स्वस्त चाळ दिसली की घरबांधणी! वगळा.

निर्णय उघडले तर त्या सगळ्या चाळी तिनं घेतलेल्या. मी मांडवामागं जाऊन फोन लावला.

"अगं, ह्या चाळी कशाला घेतल्यास? माणसांची घरं हायेत ती."

"दादा, सारांशात कांदा आहे."

"मग? चाळीतली माणसं कांदा खात न्हाईत व्हय?"

ती हसली नाही. "मॅडमना विचारू या का?"

"त्यांना कशाला? तू रेल्वे कॉलनीतली. मी कांद्यात लोळून मोठा झालोय. कांदा कुणाला जास्त कळतो?"

खरं कारण वेगळंच होतं. आमचं दोघांचं अगदी सगळं जुळलं, हे मॅडमना सांगायची मला हौस होती. तिनं निर्णय बदलले. मी पंगतीला बसलो आणि डायबेटिस असून जिलेबी दोनदा घेतली.

पुढं एका सकाळी मॅडमनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. वगळलेले निबंध त्या स्वतः चाळून बघत होत्या. "कांदाचाळी गेल्या कुठं? अशानं, हवेशीर साठवणुकीला पुरावाच नाही, असं छापू आपण!"

पडद्यावर निर्णयांची नोंद होती. माझा पहिल्यापासून 'वगळा'. तिचा आधी 'घ्या', मग 'वगळा'.

"यांचं चुकलं ते चुकलं," मॅडम तिला म्हणाल्या. "पण तू बरोबर असून बदललंस? आपलं वाचलेलं ज्याला धरून ठेवता येत नाही, त्याला पुढच्या टप्प्यावर कसं घेऊ?"

पुढचा टप्पा म्हणजे पूर्ण निबंध वाचायचं काम. त्याच्यासाठीच ती रोज दौंडहून एसटीनं यायची. ती टेबलाकडं बघत राहिली, माझं नाव काही तिनं घेतलं नाही. मी चहा ढवळत होतो. चहा बिनसाखरेचा होता, तरी ढवळत होतो. 'मॅडम, मीच दाबलं तिला', एवढंच बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते असं:

"नवीन आहे मॅडम. शिकेल."

तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं. ती नजर आजही आठवली की मी उगाच खिसे चाचपतो.

संध्याकाळी ती एसटी स्टँडकडं गेल्यावर मी त्यातला एक सारांश पहिल्यांदा उघडला. दुसऱ्याच ओळीत कांदा! जमिनीपासून उचललेला तळ, वारा खेळायला बाजूच्या फटी. ज्याच्यावर राज्य असायचं त्याला मी ज्या फटींतून बघायचो, त्याच फटींचं तिथं माप दिलेलं.

मॅडम केबिनला कुलूप लावत होत्या. मी सगळं सांगितलं, जिलेबीसकट.

"मग सकाळी गप्प का बसलात?"

त्यांनी कुलूप ओढून बघितलं. त्या म्हणाल्या, ती पुढच्या टप्प्यावर राहील. चाळणी पहिल्यापासून परत लागेल. आणि तिला हे तुम्हीच कळवा.

मी रात्री तिला फोन केला. मागं दौंड स्टेशनातली घोषणा ऐकू येत होती. मी माफी मागितली, ती "हं" म्हणाली. तेवढ्यानं मला धीर आला.

"आता पहिल्यापासून नीट चाळू. आपण दोघं."

"नको दादा. मी मॅडमकडे दुसरं कुणीतरी मागणार आहे."

"अगं, पण नियमानं दोन माणसं लागतात."

"तेच म्हणतेय मी. तुम्हाला धरून एकच होत होतं."