वाढू नयेत त्या पेशी

तैवानमधल्या तायनानच्या त्या प्रयोगशाळेत युए-ओ ताईंनी सव्वीस वर्षं कर्करोगाच्या पेशी पोसल्या. घरी कुंडीतली रोपं मरत, पण इथल्या पेशी कधी मेल्या नाहीत. त्यामुळे चूक झाली की ती दुसऱ्याचीच, हे ताईंनी धरूनच ठेवलं होतं.

प्रयोग साधा. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी घ्यायच्या, अर्ध्या बशांत इस्ट्रोजेन घालायचं, अर्ध्या तशाच ठेवायच्या आणि संप्रेरकानं पेशी किती फोफावतात ते मोजायचं. पण तीनदा तेच झालं. बिनइस्ट्रोजेनच्या बशांतल्या पेशीही भरभरून वाढल्या.

"कुणीतरी घोळ घालतंय," प्रयोगशाळेचे प्रमुख सू सर म्हणाले. "कोण ते कळलं, की त्याला घरी बसवतो."

ताई पक्क्या नोकरीतल्या. घरी बसवण्यासारखी एकटी चाऊ-यिन, पस्तिशीची, परदेशात शिकलेली, वर्षाच्या करारावर आलेली. ताईंची नजर तिच्यावरून हलेना.

"हात धुतलेस?"

"धुतले, ताई."

"सोयाबीनचं दूध प्यायल्यावर धुतलेस का, ते विचारतेय. त्यात म्हणे इस्ट्रोजेनसारखंच काहीतरी असतं. तू एवढी शिकलेली, तुला ठाऊक असेल."

"मी दूध पिते ताई, बशांना पाजत नाही."

ताईंना हे झोंबलं. शुक्रवारी त्यांनी सरांचे कान भरले. चाऊ-यिनचं बशांना हात लावणं बंद झालं. पुढची खेप ताईंनी एकटीनं केली आणि बिनइस्ट्रोजेनच्या पेशी आधीपेक्षा जास्त वाढल्या!

आता संशय घ्यायला उरलं कोण? सरांनी आकडे अजून पाहिले नव्हते. ताईंनी सकाळपासूनची आपली एकेक हालचाल आठवली आणि पर्समधल्या नळीपाशी त्या थबकल्या. पाळी गेल्यापासून अंगाची लाही होई, म्हणून डॉक्टरांनी दिलेलं मलम. नवऱ्यालाही कळू नये म्हणून रोज इथे येऊन दंडाला चोळायचं. मलम इस्ट्रोजेनचं. मग हात जेमतेम पाण्याखाली धरायचे आणि त्याच हातांनी हातमोजे चढवायचे.

ताईंना स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्या आत गेल्या तेव्हा चाऊ-यिन सरांसमोर उभी होती. करार संपवल्याचं पत्र टेबलावर होतं, सही तेवढी राहिली होती. ताईंनी नळी त्या पत्रावर ठेवली.

"सर, घोळ माझाच. हे मी रोज लावते."

सरांनी नळीवरचं नाव वाचलं आणि मान खाली घातली. चाऊ-यिन मात्र ताईंकडेच बघत राहिली.

"शुक्रवारी तुम्हाला हे माहीत होतं?"

"नाही गं, खरंच नव्हतं."

"पण स्वतःकडे एकदा तरी बघितलंत?"

ताई बाहेरच्या बेसिनपाशी गेल्या आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुऊ लागल्या.