अर्बन की रूरल

इकडं सरक गं पोरी जरा, लांब काय बसतेस? सहा महिन्यांनी तोंड दाखवलंस आणि आल्याआल्या म्हणतेस, ‘अर्बन म्हणजे शहरी, त्यात काय एवढं?’ मला त्या एका शब्दानं आठवडाभर फिरवलं होतं.

सत्तर सालानंतरची गोष्ट. मंगळवेढ्याहून सून म्हणून आले त्याला दोन वर्षं झाली होती. बालवाडीच्या बाईंचं प्रशिक्षण निघालं. मला ते लई हवं होतं. शाळा चौथीत सुटलेली, पुढचं सगळं माझं मी वाचलेलं. इंग्रजी अक्षरंसुद्धा दुकानांच्या पाट्या बघून लावलेली. अर्ज इंग्रजीत होता. त्यात अर्बन आणि रूरल, दोन्हींतलं एक खोडायचं होतं. अर्बन शब्द मी बाजारातल्या बँकेच्या पाटीवर वाचला होता. माहेरी सगळे म्हणायचे, पोरगी सोलापुरात दिली. मी ऐटीत रूरल खोडलं.

कचेरीतल्या बाई म्हणाल्या, “शहराच्या जागा भरल्या. खेड्यातल्या बायकांच्या दोन शिल्लक आहेत.”

तरी विचारलंच, “बाई, शहर म्हणजे नक्की काय धरता? मालक गिरणीत जातात, पण घरामागं ज्वारीचं रान हाय. पाणी विहिरीचं.”

बाई हसल्या. “माहेरची ज्वारी आणता तेव्हा शहराच्या हद्दीवरच्या जकात नाक्यावर अडवतात?”

“न्हाय की. गाडी नाक्याच्या आधीच आमच्याकडं वळती.”

“मग तुम्ही हद्दीबाहेर. सरपंचाचा दाखला आणा, अर्ज बदलून घेते.”

आता आली का पंचाईत! मामंजी चारचौघांत स्वतःला सोलापूरकर म्हणवायचे. तीन दिवस, मी दाखल्याचं काढलं की रानाकडं निघून जायचे. चौथ्या दिवशी टोपी घालून निघाले, मी मागोमाग.

सरपंच म्हणाले, “काय तात्या, लग्नाच्या पत्रिकेत तर मुक्काम सोलापूर छापलं हुतं की. आज गाव आठवलं व्हय?”

“सुनंला शिकायचंय,” मामंजी म्हणाले. “लिव्हा, आमी खेड्यातलेच.”

वाटेत दाखला माझ्या हातात देत एवढंच बोलले, “माहेरी सांगू नकोस म्हंजे झालं.”

जागा मिळाली. पुढं आपल्याच ओसरीवर बालवाडी भरायला लागली. काही वर्षांनी शहराची हद्द सरकली, नाका आमच्या पुढं गेला. घर तिथंच, विहीरही तीच. आम्ही मात्र अर्बन झालो. कोणत्या दिवशी झालो, ते कुणी सांगायलाही आलं नाही.

ओसरीच्या भिंतीवर मी काढलेली अक्षरं अजून पुसट दिसतात. यंदा रंग द्यायचा म्हणतात. त्याच्या आत तुझ्या मुलांना घेऊन ये बाई, लवकर ये.