देवाला बर्फ उपसायला बोलावलं

देवाशी शुद्ध मराठीतच बोलावं लागतं, असं आमच्या उपासनेच्या कमिटीतल्या एका काकांनी मला सुनावलं, आणि माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

आम्ही मराठी ख्रिस्ती. मिशिगनमधल्या या गावात आमचं स्वतःचं चर्च नाही. डच लोकांच्या जुन्या चर्चमध्ये, त्यांची उपासना आटोपली की दुपारी आमची. मी पेटी वाजवते आणि गाणी रचते. पण गाणार कोण? मुलं इथेच जन्मलेली. मराठी कळते, वाचता येत नाही. पडद्यावर देवनागरी ओळी आल्या की ती गप्प उभी राहतात. शेवटी कमिटीनं ठरवलं, एक रविवार आणखी बघू. मुलं गायली तर ठीक, नाहीतर मराठी गाणी बंद, पुढे सगळं इंग्लिश.

त्या रविवारसाठी मी नवं गाणं रचलं, आपण घरात बोलतो त्या मराठीत:

बर्फ उपसते दारातला, देवा, ये रे मदतीला
हायवेवर घसरते गाडी, देवा, धर रे स्टिअरिंगला

काकांनी वाचलं आणि कपाळाला हात लावला. देवाला काय बर्फ उपसायला बोलावतेस, म्हणाले. मी म्हटलं, मग काय नुसतं सिंहासनावर बसवून ठेवायचं? पहाटे ड्राइव्हवेवर फावडं घेऊन मी एकटी उभी असते, तेव्हा माझ्या तोंडून हीच प्रार्थना निघते, ‘करुणासागरा’ निघत नाही. एक शब्दही बदलणार नाही असं सांगून मी उठले.

बाहेर त्या चर्चच्या ऑर्गन वाजवणाऱ्या डच आजी कोट चढवत होत्या. काय झालं, त्यांनी विचारलं, आणि मी सगळं भडाभडा सांगून टाकलं. त्या बाकावर टेकल्या. त्यांच्या लहानपणी इथे डच गाणी असत. ऑर्गन येण्याआधी तर म्हणे पुस्तकंही नसत; एक जण पुढे उभा राहून ओळ म्हणायचा, बाकीचे त्याच्या मागून. अहो, आमच्या भजनात हेच तर करतात, मी म्हटलं. मग डच का थांबलं, मी विचारलं.

“मुलांसाठी इंग्लिश आणलं,” त्या म्हणाल्या. “देवाला इंग्लिश कळतंच. पण माझे वडील त्यानंतर कधी गायले नाहीत.”

रविवारी मी पेटीवर बसायच्या आधी प्रोजेक्टर बंद केला. काकांनी लांबूनच मानेनं विचारलं, हे काय? मी बघितलंच नाही. मुलांना इंग्लिशमध्ये सांगितलं, वाचायचं काही नाही, मी म्हणेन ते माझ्या मागून म्हणा.

पहिली ओळ म्हटली. कोणी हूं की चूं केलं नाही. हीटरची घरघर तेवढी ऐकू येत होती. पुन्हा म्हटली. कोणी गायलं नसतं तरी मी संध्याकाळपर्यंत तीच ओळ म्हणत बसले असते.

तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी गायलं. डच आजी, स्वतःची उपासना आटोपूनही थांबलेल्या. शब्दांचा पार चेंदामेंदा, सूर मात्र पक्का. मुलं वळून बघायला लागली, खुदखुदली, आणि काकांच्याच नातीनं ‘ये रे मदतीला’ उचललं. मग बाकीची. स्टिअरिंगच्या ओळीला तर मुलांनी छप्पर डोक्यावर घेतलं. मला रडू आलं, पण भाता सोडला नाही.

काका शेवटपर्यंत हाताची घडी घालून, तोंड मिटून उभे होते. उपासना संपल्यावर पेटीपाशी आले.

“ते स्टिअरिंग काढ त्यातून.”

“नाही काढणार, काका.”

त्यांनी पेटीच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं.

“बरं. मग पुढच्या रविवारी पट्टी जरा खाली घे. माझा आवाज एवढा वर जात नाही.”