ताणलेली स्प्रिंग

काल बाथरूमच्या फटीत सिलिकॉन भरताना तो व्हिनेगरसारखा वास आला आणि गोखिवऱ्यातला आमचा वर्कशॉपचा गाळा आठवला. दुरुस्तीला आलेल्या छोट्या विमानाच्या इंजिनाला मी आणि दादा सायलेन्सर बसवत होतो. मी आकड्याने स्प्रिंग ताणून धरली होती, दादा तिचं टोक कडीत अडकवणार, तेवढ्यात हॉस्पिटलमधून फोन आला. ऐकून तो म्हणाला, "आई गेली." आणि लगेच, "सोडू नको, डोळ्यात जाईल." मी सोडली नाही. त्याने टोक अडकवलं, पुढे कधी स्प्रिंग तुटली तरी तुकडा विमानाच्या पंख्यात उडू नये म्हणून आतून तार ओवली, वर सिलिकॉन भरलं. मग आम्ही साबणाने हात धुतले, शटर ओढलं. रडलं कोणीच नाही. काल फट भरून झाली, तरी सिलिकॉनच्या नळीवरची माझी मूठ उघडेना.