चाकूरच्या सावडीत एक दिवस

“ये की, पर मदतीला नगं. तुला विळा धरता यायचा न्हाई,” ताई फोनवर हसली आणि मी पिशवी भरली. नांदेडहून लातूरची एसटी धरायची, लोहा, अहमदपूर करत चाकूरला उतरायचं. बायकांना अर्धं तिकीट, खिशाला चटका नाही. अहमदपूरच्या स्टँडवर गरम सुशीला खाल्ली, फोडणीचे चुरमुरे अन् वर शेंगदाण्याचं कूट. जाल तर चुकवू नका. चाकूरहून गावापर्यंत ऑटो आहे, पण भरल्याशिवाय तो जागचा हलत नाही.

ताईच्या गावात पाच बायकांची सावड आहे. आज सगळ्यांनी मिळून हिचं सोयाबीन कापायचं, उद्या तिचं; मजुरीचं नाव नाही. पहिल्या वर्षी पाळीवरून अशी जुंपली की दिवाळीला फराळाची ताटंसुद्धा फिरली नाहीत. आपल्या वाट्याची ओळ, म्हणजे पात, संपली की जी ती बांधावर बसायची. सगळ्यांत मागं राहणारी रुक्मिण तर रडत घरी गेली होती.

मी गेले त्या दिवशी पाळी ताईची, आणि आभाळ हे भरून आलेलं! पिकलेलं सोयाबीन भिजलं की शेंगेतच कोंब फुटतात. तरी ताई म्हणाली, “आधी रुक्मिणकडं चला. तिचं कापून पडलंय, रान बी खोलगट हाय.”

“वेडी का काय तू? तुझं काय मग?” माझा पारा चढला.

“गप गं. उभं पीक जरा दम धरतंय, पडलेलं न्हाई.”

रुक्मिणचा ढीग ताडपत्रीखाली गेला आणि सगळ्या पळत ताईच्या रानात. मग जे पाहिलं ते काय सांगू, बाई! जिची पात संपली ती पलीकडच्या टोकाहून रुक्मिणच्या पातीत शिरली. एक, मग दुसरी, मग तिसरी. कोणी हाक मारली नव्हती. रुक्मिणही ओशाळली नाही, समोर आलेलीकडं बघून नुसती हसली.

तरी पावसानं शेवटचा कोपरा गाठलाच. मी हळहळत उभी. बायकांनी मात्र ओल्या झाडांचे भारे बांधले आणि आपापल्या घरी नेले, पंख्याखाली वाळवायला.

नांदेडला आले तरी डोळ्यांपुढं तेच. शेवटी राहवेना, फोन केला. “ताई, तुझं सोयाबीन परत आलं का गं सगळं?”

“आलं की, वाळवून, बडवून. उलट टोपलंभर जास्तच हाय. कुणी घातलं म्हणून इचारलं, तर एक बी बोलंना.”