भावजींच्या विजा

आमच्या देवगड तालुक्यात आभाळातून पडलेल्या विजांपेक्षा माझ्या चुलतदिरांनी पाडलेल्या विजा जास्त आहेत, हे मी शाळेत विज्ञान शिकवणारी बाई असूनही शपथेवर सांगायला तयार आहे. आभाळातल्या विजांना निदान काही ऋतू असतो. भावजींच्या विजा बारमाही. मिठबावच्या तिठ्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ आहे, आणि त्या दारातून माणूस कुठल्याही कामासाठी आत जावो, बाहेर येतो तो निळ्या विजेत न्हाऊनच. पासपोर्टचा फोटो काढायला गेलेल्या माझ्या नवऱ्याच्या कानांमागून त्यांनी इतक्या बारीक विजा काढल्या होत्या, की आम्हाला त्या दिसल्याच नाहीत. बँकेतल्या साहेबांना दिसल्या. "आपण नेमकं काय काम करता?" असं त्यांनी फार अदबीने विचारलं.

मी या घरात आले ती नांदगावहून, म्हणजे रेल्वे स्टेशन असलेल्या गावातून, त्यामुळे सुधारणेचं मला अप्रूप नव्हतं; पण भावजींची सुधारणा पार पुढच्या शतकातली. त्यांच्या फोटोत माणसं पृथ्वीवर उभी राहत नाहीत. मागे दोन चंद्र, खाली जांभळे डोंगर, मध्ये आपला रोजच्या ओळखीचा बागायतदार, आणि त्याच्या तळहातातून सुटलेली वीज थेट दुसऱ्या ग्रहावर. एका बागायतदाराच्या जाहिरातीत त्यांनी पेटीतल्या प्रत्येक हापूसमधून वीज काढली. मुंबईची गिऱ्हाइकं फोन करून विचारू लागली, आंबे करंट देऊन पिकवता का? तो भांडायला आला, तर भावजींनी त्याला बसवून चहा पाजला आणि म्हणाले, "अरे, पण लोकांनी फोन तरी केल्यानी मां?" पुढच्या हंगामात तो मुकाट्याने परत आला. एका लग्नात नवरा-नवरीच्या बोटांमध्ये त्यांनी अशी ठिणगी उडवली, की नवऱ्याच्या आईने अल्बम मिटून ठेवला. "भांडणां अजून सुरू जावची आसत," असं ती म्हणाल्याचं मला भावजींनीच सांगितलं, आणि तेही कौतुक झाल्यासारखं.

वीज कशी पाडायची याचं शास्त्र ते कोणालाही, न विचारता, सांगतात. आधी फोटोवर काळोखाचा एक लेयर चढवायचा. त्यावर पांढरी रेघ वाकडीतिकडी ओढायची, तिचीच नक्कल काढून ती धूसर करायची, निळी करायची, आणि मग तो लेयर खालच्या फोटोत असा मिसळायचा, की "काळा जाता आणि उजवाड ऱ्हवता." त्यांच्या ब्रशांना कंपनीने दिलेली नावं त्यांनी केव्हाच बदलून टाकली आहेत. जाड विजेचा ब्रश 'माड', फाट्यांचा 'चुडत', म्हणजे माडाची झावळी, आणि टोकाच्या केसासारख्या रेघांचा 'सुंगटाची मिशी', म्हणजे कोळंबीची. मी एकदा न राहवून म्हटलं, "भावजी, वीज ढगातून येते, काखेतून नाही." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "वयनी, ती तुमच्या पुस्तकातली. ही अजून येवची आसा."

इतकं पुढचं बघणारा हा माणूस फाइल सेव्ह करण्यापूर्वी मात्र गाऱ्हाणं घालतो. कॉम्प्युटर जुना, लाइटचा भरवसा नाही, त्यामुळे ते उभे राहून हात जोडतात आणि देवळातल्याच सुरात सुरू करतात, "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरान एक काम हाती घेतलेला आसा, तेच्यात लायटीची काय आडकाठी येत आसात तर ती भायरच्या भायर दूर कर रे म्हाराजा!" मागच्या स्वयंपाकघरातून जाऊबाई मासे साफ करता करता "व्हय म्हाराजा!" म्हणतात, आणि मगच बटण दाबलं जातं. खरी वीज कडाडली की हेच गृहस्थ मेन स्विच बंद करून, पाय वर घेऊन, खाटेच्या मधोमध बसतात. त्या वेळी त्यांच्याशी विज्ञानावर बोलायची सोय नसते.

त्यांची एक खोड मात्र मला कधीच पटली नाही. ते मूळ फोटो ठेवत नसत. वीज चढली, लेयर एकजीव झाले, की साधा फोटो पुसून मोकळे. "भात शिजल्यार तांदूळ कोण शोधूक जाता?" हे त्यांचं उत्तर. पुढे आमच्या वाडीतले गणपतकाका तापाने गेले, आणि तांदूळ शोधायची वेळ आली.

गणपतकाका पाडेली होते, उभ्या आयुष्यात लोकांच्या माडांवर चढून नारळ पाडले. दोन वर्षांपूर्वी एकदा माडावरून उतरून, कमरेच्या कोयत्यासकट ते स्टुडिओत गेले होते आणि म्हणाले होते, "माका एक इजेचो फोटो काड." भावजींनी जीव ओतला. दोन्ही हातांतून विजा निघाल्या, आणि डावी वीज गालावरून, डोळ्यावरून थेट कपाळापर्यंत गेली. अर्धा चेहरा उजेडात बुडाला. आधार कार्डावरचा फोटो सोडला तर काकांचा तेवढाच फोटो होता, आणि आधार कार्डावर ते काकांसारखे सोडाच, माणसासारखेही दिसत नव्हते.

तिसऱ्या दिवशी त्यांची बायको, शेवंतीकाकी, तो फोटो पदरात गुंडाळून स्टुडिओत आली. "तेराव्याक भिंतीर लावूचो आसा. तेवडी तोंडावरची ईज पुसून दी रे बाबा."

भावजींना वीज घालता येत होती. काढता येत नव्हती, कारण तिच्याखाली आता काहीच उरलं नव्हतं. त्यांनी उजवा गाल उलटा करून डावीकडे बसवला. काकी म्हणाली, "ह्यो हेचो भाव शोभता." मग एका मोबाइल ॲपला विचारलं. त्याने क्षणात गुळगुळीत, गोरटेला, दात विचकलेला गडी काढून दिला. काकीने त्याच्याकडे बघितलं. "आणि ह्यो माडार चढात?" मी हसले, भावजी हसले नाहीत. त्यांनी ॲप काढून टाकलं आणि मला म्हणाले, "वयनी, शाळा सुटली काय येवन बसा. ती सांगात तसा लिवन घेवा."

मग रोज दुपारी आम्ही तिघं बसू लागलो. "गाल कसो होतो?" भावजी विचारायचे. "कसो म्हंजे? गालासारखो." पहिले दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी काकी हळूहळू सांगायला लागली. डोळ्याखाली चुडत लागून राहिलेला वण. उन्हात बारीक केल्यामुळे डावा डोळा उजव्यापेक्षा लहान. हसताना तिकडचा ओठ आधी उचलायचा. भावजी 'सुंगटाची मिशी' घेऊन एकेक सुरकुती ओढत होते. वण नेमका कुठे, हे दाखवायला काकीने हात पुढे केला, पडद्यावर बोट ठेवलं आणि दचकून मागे घेतलं. त्या जागी अजून थोडी वीज शिल्लक होती. भावजींनी मान खाली घातली. त्या माणसाला इतकं ओशाळलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं, आणि माझ्या तोंडावर आलेलं "मी सांगत होते ना" मी गिळून टाकलं.

बाराव्या दिवशी चेहरा पुरा झाला. काकीने पडद्याकडे पाहिलं. "ह्योच," ती म्हणाली. भावजी आता हातांतल्या विजा पुसायला लागले, तर तिने त्यांचा दंड धरला. "ती नको पुसू. ती तेना हौशेन मागून घेतल्यान होती."

तेराव्याला काका भिंतीवर होते. वण असलेला, एक डोळा बारीक केलेला चेहरा, कमरेला कोयता आणि दोन्ही हातांत निळी वीज. कोणी हसलं नाही.

भावजी आजही विजा पाडतात, पहिल्यापेक्षा जास्तच. पण गिऱ्हाईक आलं की आता आधी एक साधा फोटो काढून घेतात, आणि तो 'तसेच' नावाच्या फोल्डरमध्ये जातो. गिऱ्हाइकाला सांगत नाहीत. त्यात आता अर्धं गाव आहे.

परवा मी बाजारातून येताना त्यांनी मला हाक मारली. मी म्हटलं, "भावजी, मला वीजबीज काही नको." ते कॅमेरा पुसत म्हणाले, "ईज न्हय वयनी. नुसतीच बसा."

तो फोटो 'तसेच'मध्ये जाणार, आणि पुढे कधी लागणार, हे माझ्या लक्षात आलं. या वेड्या माणसाची मला फार माया वाटली. मी पिशवी खाली ठेवली, केस सारखे केले आणि स्टुलावर बसले.